कोळ्यांवरचा एम.एस्सी. प्रबंध: ठिकाणं कमी करा, शेतं वाढवा

प्रश्न थोडक्यात असा आहे. विद्यार्थी एम.एस्सी. प्राणिशास्त्राचा, मुक्काम कोल्हापूर. प्रबंधासाठी हातात नोव्हेंबर ते एप्रिल. विषय 'कोल्हापूर परिसरातील कोळ्यांची विविधता', आणि ठिकाणं पाच: विद्यापीठाचा परिसर, रंकाळा, पन्हाळा, दाजीपूर आणि गावाकडचं शेत. फोनमध्ये भरपूर फोटो आहेत, ॲपने त्यांना नावंही दिली आहेत. फोटोंवर भागेल का? नावं पक्की कशी करायची? पिटफॉल सापळे, म्हणजे कोळी पडावेत म्हणून जमिनीत पुरलेले ग्लास, किती लावायचे?

फोटोंवर भागणार नाही. पाच ठिकाणंही सोडा. आणि सापळे किती, यापेक्षा शेतं किती हे आधी ठरवावं लागेल.

पाच ठिकाणांची अडचण अशी की प्रत्येक प्रकारचं ठिकाण एकच आहे. रंकाळ्यावर 30 जाती मिळाल्या आणि पन्हाळ्यावर 45, तर त्यातून काय सिद्ध होतं? उंचीमुळे, झाडीमुळे, त्या दिवशीच्या हवेमुळे की तुम्ही पन्हाळ्यावर तासभर जास्त फिरलात म्हणून, हे कुणालाच सांगता येणार नाही. शिवाय परवानग्या. राधानगरी अभयारण्य, म्हणजे आपलं दाजीपूर, 1958 पासून संरक्षित आहे. तिथं संशोधनासाठी जायचं तर वन्यजीव संरक्षण कायद्याच्या कलम 28 खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची लेखी परवानगी लागते, ते कार्यालय नागपूरला. नमुना उचलायचा म्हटलं की अर्ज आणखी बारकाईने तपासला जातो. सहा महिन्यांच्या प्रबंधात त्या कागदाची वाट बघत बसणं परवडत नाही. पन्हाळा संरक्षित स्मारक आहे, तिथं सापळ्यासाठी खड्डे खणण्याचा विचारही नको. विद्यापीठाच्या आवारात विभागप्रमुखांचं पत्र घेऊन काम होईल, पण तिथली यादी आजवर अनेकांनी केली आहे.

उरतं ते शेत, आणि कोल्हापुरात खरा खजिना तिथंच आहे. नोव्हेंबर ते एप्रिल म्हणजे नेमका ऊसतोडीचा हंगाम. तोड झाली की काही शेतकरी पाचट, म्हणजे उसाची वाळलेली पानं, पेटवून देतात, काही सरीत दाबून किंवा कुट्टी करून ठेवतात. दोन्ही प्रकारची खोडव्याची, म्हणजे तोडलेल्या बुडख्यांतून पुन्हा फुटणाऱ्या उसाची, रानं एकाच शिवारात शेजारीशेजारी सापडतात. 'पाचट ठेवलेल्या आणि जाळलेल्या खोडव्यात जमिनीवरच्या कोळ्यांची संख्या आणि जाती यांत फरक पडतो का?' एवढाच प्रश्न घ्या. उत्तर 'हो' आलं तरी उपयोगाचं, 'नाही' आलं तरी उपयोगाचं. जाती किती मिळाल्या ही यादी त्यातून आपोआप तयार होते, आणि ती नुसत्या यादीपेक्षा कितीतरी जास्त वजनाची असते.

आता शेतं किती. इथंच बहुतेक प्रबंध आपटतात. एका पाचटाच्या शेतात 15 सापळे आणि एका जाळलेल्या शेतात 15 सापळे लावले, तर तुमच्याकडे 15 विरुद्ध 15 अशी तुलना नसते, एक विरुद्ध एक असते. एकाच शेतातले सापळे एकमेकांसारखेच असणार. माती तीच, पाणी तेच, औषध तेच. संख्याशास्त्रात मोजलं जाणारं एकक म्हणजे शेत. दोन गटांची तुलना करणाऱ्या मान-व्हिटनी चाचणीचं गणित करून बघा: 3 विरुद्ध 3 शेतं असतील, तर दोन्ही गट पूर्णपणे वेगळे निघाले तरी दुहेरी चाचणीत मिळू शकणारी सर्वांत लहान पी किंमत 2 भागिले 20, म्हणजे 0.1 येते. फरक मान्य व्हायला ती ज्या 0.05 च्या खाली लागते, तिथं जाणं शक्यच नाही. 4 विरुद्ध 4 ला ती 0.029 होते, 5 विरुद्ध 5 ला 0.008. म्हणून किमान पाच पाचटाची आणि पाच जाळलेली, अशी दहा शेतं धरा. प्रत्येकात सहा सापळे पुरतात.

शेतं निवडताना शक्य तेवढं सारखं ठेवा. सगळीकडे उसाची को 86032 हीच जात असली तर उत्तम, ती सहज मिळते. तोडीच्या तारखांमध्ये पंधरा दिवसांपेक्षा जास्त अंतर नको. काळी रानं आणि माळाची मुरमाड रानं मिसळू नका. पाचटाची सगळी शेतं नदीकाठाला आणि जाळलेली सगळी माळावर असं झालं तर तुम्ही पाचट मोजत नसून माती मोजताय. तोडीची तारीख शेतकऱ्याच्या हातात नसते, कारखान्याच्या कार्यक्रमावर ती पुढंमागं होते; म्हणून दहाऐवजी चौदा-पंधरा शेतकऱ्यांशी आधी बोलून ठेवा. प्रत्येकाकडून चार गोष्टी वहीत लिहून घ्या: तणनाशक कधी मारलं, कीटकनाशक कोणतं आणि कधी, पाचटावर युरिया आणि कुजवणारं जिवाणूसंवर्धन कधी टाकलं, आणि पाण्याची पाळी कधी आहे. शेवटची सर्वांत महत्त्वाची. सरीत पाणी सुटलं की सापळे तरंगून बाहेर येतात आणि आठवड्याचं काम वाहून जातं. कृषिपंपाची वीज बऱ्याचदा रात्रीची असते, तेव्हा 'उद्या पाणी देणार' म्हणजे आज रात्री, हे धरूनच चाला.

सापळा साधा असतो. 250 ते 300 मिलीचे प्लास्टिकचे ग्लास, तोंड 7 ते 9 सेंमी, खोली 10 ते 12 सेंमी. एकात एक असे दोन ग्लास बसवा. बाहेरचा जमिनीत कायम राहतो, आतला काढून घ्यायचा. म्हणजे दर वेळी खड्डा ढासळत नाही. जागा सरीत नाही, वरंब्याच्या बगलेला. बांधापासून किमान दहा मीटर आत या, नाहीतर बांधावरच्या गवतातले कोळीच मोजाल. दोन सापळ्यांत पाच ते दहा मीटर अंतर ठेवा. खुरप्याने किंवा घट्ट रानात पहारीने खड्डा घ्या आणि ग्लासची कड जमिनीशी तंतोतंत सपाट करा. कड दोन मिलिमीटर वर राहिली तरी लहान कोळी तिथूनच वळून निघून जातात. भोवतीची फट मातीने बुजवून बोटाने दाबा. काळ्या रानात उन्हाने भेग पडते ती नेमकी ग्लासच्या कडेलाच, त्यामुळे प्रत्येक फेरीत कड पुन्हा लिंपावी लागते. पाचटाच्या शेतात ग्लासभोवती पाचट बाजूला सारून मोकळं वर्तुळ करू नका, आणि तोंडावर पाचट लोंबतंही ठेवू नका. एक पान आत झुकलेलं असलं तरी पडलेला कोळी त्यावरून चढून जातो.

वर छप्पर हवं. 15 सेंमी चौरस प्लास्टिकचा तुकडा चार लांब खिळ्यांवर, जमिनीपासून दोन-तीन सेंमी उंच. पाऊस नसला तरी ऊन, पालापाचोळा आणि पक्षी यांसाठी ते लागतंच. तोंडावर दीड-दोन सेंमी भोकांची जाळी ताणली की बेडूक, सरडे आणि चिचुंद्र्या आत पडत नाहीत. एक बेडूक सडला तर त्या ग्लासातलं काहीच ओळखू येत नाही.

खड्डा खणल्यावर लगेच सापळा उघडू नका. ताज्या उकरलेल्या मातीकडे कीटक आणि त्यांच्या मागे कोळी खेचले जातात, पहिल्या दोन-तीन दिवसांत आकडे फुगतात. ग्लास झाकून आठवडाभर तसाच राहू द्या, मग उघडा. उघडल्यावर सात दिवस ठेवायचा, नंतर झाकण लावून पुढच्या महिन्यापर्यंत बंद. दहा शेतं, प्रत्येकी सहा सापळे, चार महिने: 240 नमुने. एका नमुन्याची निवड-टिपण करायला अर्धा तास धरला तर नुसती 120 तासांची बैठक झाली, त्यात ओळख पटवणं आलंच नाही. वेळापत्रकात हे आधी लिहा. फेब्रुवारी-मार्चमध्ये कुप्या साठत जातात आणि एप्रिलमध्ये घाईने 'मॉर्फोस्पीशीज', म्हणजे नुसत्या दिसण्यावरून गट, करून मोकळं व्हावं लागतं, हा प्रकार टाळता येतो.

ग्लासात काय घालायचं? सर्वांत सोयीचं प्रोपिलीन ग्लायकॉल, पाण्याबरोबर निम्मं-निम्मं, ग्लासच्या एक तृतीयांशापर्यंत, आणि भांडी घासायच्या द्रवसाबणाचा एक थेंब. साबणाने पृष्ठताण मोडतो. नाहीतर हलका कोळी पाण्यावरून चालत कड गाठतो, लांडगा-कोळ्यांना तर पाण्यावर पळायची सवयच असते. इथिलीन ग्लायकॉल वापरू नका. गोडसर असतं, कुत्री आणि जनावरं पितात आणि दगावतात. शेतकऱ्याचं जनावर गेलं तर प्रबंधही गेला. फॉर्मॅलिनही नको, नमुने लाकडासारखे ताठ होतात आणि पाल्प (नराचा तोंडाजवळचा, वीर्य पोचवणारा अवयव) उलगडत नाही. पैसे कमी असतील तर मिठाचं संपृक्त पाणी चालतं, लिटरला साधारण 350 ग्रॅम मीठ. मार्चच्या उन्हात ते भराभर आटतं आणि पाचव्या-सहाव्या दिवसानंतर नमुने मऊ पडतात, त्यामुळे तेव्हा सातऐवजी चार दिवसांनी काढा. मात्र द्रव एकदा ठरवला की दहाही शेतांत तोच. निम्म्यात मीठ आणि निम्म्यात ग्लायकॉल केलं की तुलना संपली.

सापळ्यातला आकडा म्हणजे घनता नव्हे, हे प्रबंधात स्पष्ट लिहा. जो जास्त धावतो तो जास्त पडतो. लांडगा-कोळी म्हणजे लायकोसिडी, आणि नॅफोसिडी हे नेहमी भरघोस मिळतात. त्यातही जोडीदार शोधत फिरणारे नर जास्त. जाळं विणून बसणारा आर्जिओपी सापळ्यात येणारच नाही. शिवाय मोकळ्या, जाळलेल्या जमिनीवर कोळी लांब पळू शकतो, पाचटात त्याची चाल मंदावते. म्हणून जाळलेल्या रानात सापळ्याचा आकडा प्रत्यक्षाहून मोठा दिसू शकतो. यावर उपाय म्हणजे जोडीला हाताने शोध. प्रत्येक शेतात अर्ध्या मीटरच्या चौरस चौकटी, चार-पाच जागी. चौकटीतलं पाचट आणि वरची दोन सेंमी माती पांढऱ्या घमेल्यात झाडून घ्यायची आणि ठरावीक दहा मिनिटं वेचायची. हे काम कंटाळवाणं आहे, पण यातूनच खरी घनता मिळते.

रात्रीची एक फेरी जरूर करा. बॅटरी कपाळावर, डोळ्यांच्या उंचीला हवी. हातात खाली धरली तर काही दिसत नाही. लांडगा-कोळ्याच्या डोळ्यांत मागे परावर्तक पडदा असतो, प्रकाश आला त्याच रेषेत परत जातो. वरंब्यावर हिरवट ठिणगी दिसली की सरळ तिच्याकडे चालत जा. एका जागी अशा ठिणग्यांचा झुबका दिसला तर ती पिल्लं पाठीवर घेऊन फिरणारी मादी असते. दव पडलेलं असेल तर प्रत्येक थेंब चमकतो, ओळखू येत नाही. म्हणून थंडीत ही फेरी अंधार पडल्यावर पहिल्या दोन तासांतच उरका.

नमुना प्रयोगशाळेत आल्यावर बारीक नायलॉनच्या गाळणीतून गाळा, साध्या पाण्याने धुवा आणि 70 ते 75 टक्के इथेनॉलमध्ये टाका. 96 टक्क्यांचं 73 मिली घेऊन पाण्याने 100 मिली केलं की 70 टक्के होतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून अल्कोहोल दुर्मीळ वाटावं हा विनोदच आहे, पण इथेनॉलवर उत्पादन शुल्क खात्याचं नियंत्रण आहे, ते महाविद्यालयाच्या परवान्यावरच मिळतं. विभागाचा कोटा आधी विचारा. आयसोप्रोपिल अल्कोहोलवर रचना पाहण्याचं काम भागतं, नमुने थोडे ठिसूळ होतात इतकंच. अंगठ्याच्या पेरापेक्षा मोठा कोळी असेल तर त्याच्या अंगातलं पाणी अल्कोहोल पातळ करतं. दुसऱ्या दिवशी द्रव बदला, नाहीतर पोट आतून सडतं. डीएनए करायची शक्यता असेल तर प्रत्येक जातीचे दोन-तीन हाताने वेचलेले नमुने 95 टक्क्यांच्या वर, शीतकपाटात, वेगळे ठेवा.

लेबल कुपीच्या आत. बाहेर चिकटवलेला कागद अल्कोहोलने सुटतो. पेन्सिलने किंवा पिगमेंट शाईने लिहा; बॉलपेन विरघळतं, इंकजेटची छपाईही विरघळते. मजकूर: भारत, महाराष्ट्र, जिल्हा, तालुका, गाव, अक्षांश-रेखांश दशांशात चार स्थळांपर्यंत, उंची, पीक आणि पाचट आहे की जाळलेलं, पद्धत, सापळा उघडल्याची आणि काढल्याची तारीख, गोळा करणाऱ्याचं नाव. महिना रोमन अंकात लिहायची पद्धत आहे, त्यामुळे दिवस-महिन्याचा घोळ होत नाही. 'शेत क्र. 3, सापळा 2' एवढंच लिहिलेली कुपी दोन वर्षांनी कुणाच्याच कामाची नसते, तुमच्यासुद्धा.

आता ओळख. पहिलं सत्य: सापळ्यातल्या कोळ्यांत अर्ध्याहून जास्त पिल्लं आणि अपरिपक्व निघू शकतात, आणि त्यांना जात पातळीवर नाव देता येत नाही. कुळ, फार तर वंश. कोळ्याची जात ठरते ती मादीच्या पोटाखालच्या एपिगाइनवरून, म्हणजे जननछिद्रावरच्या कडक पट्टीवरून, आणि नराच्या पाल्पवरून, आणि ही दोन्ही शेवटच्या कात टाकण्यानंतरच पूर्ण तयार होतात. नवख्याची फसगत होते ती उपांत्य अवस्थेत. नराच्या पाल्पचं टोक फुगलेलं दिसतं पण आत गुळगुळीत असतं, कुठलीही कोर-काटा-कंगोरा नाही. मादीच्या एपिगाइनच्या जागी धूसर डाग दिसतो, कडा नाहीत. अशा नमुन्यांवर 'नवीन जाती' उभ्या करण्याचे प्रकार पूर्वी झालेले आहेत. बाजूला ठेवा, फक्त संख्येत धरा.

कुळापर्यंत जायला डोळ्यांची मांडणी पुरते. खाली चार लहान डोळ्यांची ओळ, वर दोन मोठे आणि मागे दोन मध्यम: लायकोसिडी. समोर मोटारीच्या दिव्यांसारखे दोन मोठे: उड्या मारणारे साल्टिसिडी. डोळे षटकोनात आणि पायांवर लांब उभे काटे: ऑक्सिओपिडी. डोळे लहान, दोन ओळींत, आणि मागे एकमेकांपासून सुटे दोन नळकांडी स्पिनरेट (रेशीम सोडणारे अवयव): नॅफोसिडी. जमिनीवरच्या बहुतेक नमुन्यांचं वर्गीकरण एवढ्यावर होतं.

पुढचं काम स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली, 40 पट तरी हवा, बारक्या जातींसाठी 80. वॉच ग्लासमध्ये धुतलेली बारीक पांढरी वाळू अर्धा सेंमी घाला, वर 70 टक्के अल्कोहोल, आणि कोळ्याला वाळूत हवा त्या कोनात रुतवा. वाळूशिवाय तो लोळत राहतो आणि दर वेळी वेगळाच कोन दिसतो. फोटो काढायचा असेल तर अल्कोहोलचं पारदर्शक हँड सॅनिटायझर जेल वाळूपेक्षाही सोयीचं. पाल्प त्यात हवा तसा अधांतरी उभा राहतो. बुडबुडे मात्र सुईने काढून घ्या.

लांडगा-कोळ्याची मादी पाठीवर झोपवली की पोटाच्या पुढच्या भागात, श्वसनपटलांच्या मधोमध, एक काळपट चकचकीत पट्टी दिसते. पार्डोसामध्ये बऱ्याचदा मधला पडदा उलट्या 'टी' सारखा असतो: पुढे अरुंद दांडी, मागे आडवी पट्टी. दांडीची रुंदी आणि आडव्या पट्टीची टोकं किती वळलेली आहेत, यावर जाती वेगळ्या होतात. बाहेरून पुरेसं नसेल तर आतली रचना पाहायला हवी. कीटक टाचायच्या सर्वांत बारीक सुईने एपिगाइनभोवती चौकोनी काप घ्या, बारीक चिमट्याने तुकडा उचला, 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडमध्ये टाका. खोलीच्या तापमानाला रात्रभर, किंवा गरम पाण्यात बाऊल ठेवून पाच-दहा मिनिटं. दर दोन मिनिटांनी बघत राहा. मांस विरघळून शुक्रधानी तपकिरी दिसू लागल्या की लगेच थांबा. जास्त झालं की त्याही काचेसारख्या पारदर्शक होतात आणि काढायला काही उरत नाही. ऊर्ध्वपातित पाण्यात धुवा, मग लवंग तेलात किंवा लॅक्टिक ॲसिडमध्ये ठेवून बघा. तुकडा सुटा ठेवू नका. लहान नळीत घालून त्याच कोळ्याच्या कुपीत परत टाका. नराचा डावा पाल्प काढायची जगभर रीत आहे. तुम्ही उजव्याचं चित्र काढलंत तर तुलना करणाऱ्याला सगळं आरशात वाचावं लागतं.

नाव कुठं शोधायचं? बर्नच्या निसर्गइतिहास संग्रहालयातून चालणारा वर्ल्ड स्पायडर कॅटलॉग मोफत आहे, नोंदणी केली की मूळ शोधनिबंधही उतरवून घेता येतात. 2022 मध्ये त्यातली जातींची संख्या 50,000 ओलांडून गेली. वंश ठरला की त्यातल्या भारत, श्रीलंका, नेपाळ, म्यानमार इथल्या सगळ्या जातींची यादी काढा आणि एकेक चित्र ताडून बघा. फक्त भारतीय यादीवर थांबू नका; कोळी राजकीय नकाशा पाळत नाहीत, पिल्लं रेशमाचा धागा सोडून वाऱ्यावर लांबवर जातात. आपल्याकडच्या जुन्या वर्णनांत बऱ्याच जाती फक्त एका लिंगावरून नोंदलेल्या आहेत आणि काही चित्रं इतकी ढोबळ आहेत की त्यावरून ठरवणं धोक्याचं. अशा वेळी 'पार्डोसा, जात 2' असं लिहिणं हे अज्ञान नव्हे, प्रामाणिक नोंद आहे. परीक्षकांना मोठी यादी आवडते म्हणून नाव ठोकून देणाऱ्यांची कमी नाही, पण ती चुकीची नावं पुढच्या दहा प्रबंधांत उतरत जातात.

ॲपचं नाव ही सूचना समजा. नेफिला पिलिपेसची मोठी मादी किंवा विणकर मुंगीची नक्कल करणारा मायर्माप्लाटा प्लाटालिओइडीस फोटोवरून ठरतो. तपकिरी पार्डोसा, निओस्कोना, काळे नॅफोसिडी हे फोटोवरून जातीपर्यंत कधीच नाहीत. तुमचे फोटो फेकू नका मात्र. अल्कोहोलमध्ये रंग जातात, प्युसेटिया या कोळ्याचा हिरवा रंग तर उडूनच जातो. जिवंतपणी वरून, समोरून आणि पोटाकडून काढलेले तीन फोटो त्याच नमुन्याच्या क्रमांकाशी जोडा.

मोजणीचे दोन नियम सुरुवातीलाच ठरवा. पिल्लं पाठीवर असलेली मादी पडली तर एका ग्लासात पाच-पन्नास पिल्लं मिळतात. ती वेगळ्या रकान्यात लिहा, एकूण संख्येत धरू नका. आणि नर-मादी वेगळे दिसतात म्हणून दोन जाती मोजू नका; एकाच वंशाचे, एकाच शेतातले, पायांवरचे पट्टे सारखे असतील तर आधी जोडी लावून बघा.

विश्लेषण फार अवघड नाही. हरवलेले, बुडालेले, गुरांनी तुडवलेले सापळे वगळून आकडे 'प्रति सापळा-दिवस' करा, मग प्रत्येक शेताची सरासरी. जाती किती सुटल्या याचा अंदाज चाओ-1 ने काढा: मिळालेल्या जाती, अधिक एकदाच मिळालेल्या जातींचा वर्ग भागिले दोनदा मिळालेल्यांच्या दुप्पट. समजा 62 जाती मिळाल्या, त्यातल्या 24 एकेकदाच आणि 8 दोनदा. तर 62 अधिक 576 भागिले 16, म्हणजे 98. तुमची यादी दोन तृतीयांशही पूर्ण नाही, असा त्याचा अर्थ. हा आकडा लपवू नका, तोच कामाचा आहे. पाचटाच्या आणि जाळलेल्या शेतांतल्या जातींची संख्या ताडताना सारख्याच नमुनासंख्येवर आणून ताडा. आर या संख्याशास्त्राच्या संगणकप्रणालीतल्या व्हेगन आणि आयनेक्स्ट या पॅकेजांत ते होतं. संख्येसाठी निगेटिव्ह बायनॉमियल प्रतिमान, शेत हा यादृच्छिक घटक.

डीएनए बारकोड सगळ्यांना हवा असतो. सीओआय जनुकाचा 658 अक्षरांचा तुकडा, एका पायातून पुरेसा मिळतो. नर-मादी जुळवायला तो उत्तम आहे. पण आपल्याकडच्या बऱ्याच जातींचे बारकोड संदर्भसंचात नाहीतच, तेव्हा 'जुळणी 91 टक्के' आली म्हणून ते नाव लिहायचं नसतं.

'नवीन जात' वाटली तर वर्तमानपत्राआधी मायक्रोस्कोप. बहुतेक वेळा ती शेजारच्या राज्यातून कुणीतरी वर्णिलेली असते. खरोखर नवी असेल तर जैवविविधता कायदा 2002 च्या कलम 39 नुसार मान्य संग्रहालयात नमुना जमा करणं आणि कळवणं बंधनकारक आहे. भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र पुण्यात आकुर्डीला आहे, आपल्याला तेच जवळचं. परदेशी तज्ज्ञाला नमुना परस्पर कुरिअर करू नका, त्यालाही नियम आहेत.

पाचट उलथताना काय काय निघतं याची कल्पना ठेवा. लाल विंचू, हॉटेंटोटा टॅम्युलस, लहान असतो आणि इंगळीपेक्षा कितीतरी जास्त घातक. मोठी काळी इंगळी दिसायला भयंकर, डंख त्यामानाने सौम्य. हात घालण्याआधी काठीने पाचट हलवा, लांब चिमटा आणि गमबूट वापरा. घोणस उसात असतेच. विंचवाच्या डंखानंतर दरदरून घाम, हातपाय गार पडणं, उलट्या ही लक्षणं दिसली की घरगुती उपाय न करता सरळ रुग्णालय; प्राझोसिन हे औषध वेळेत मिळणं महत्त्वाचं, आणि त्याचा उपयोग आपल्याच महाडच्या डॉ. हिम्मतराव बावस्करांनी 1986 मध्ये जगापुढे मांडला. विंचवांचीही नोंद करायची असेल तर 395 किंवा 365 नॅनोमीटरची अतिनील बॅटरी घ्या, अंधाऱ्या रात्री ते हिरवेनिळे चमकतात. नुकतीच कात टाकलेला चमकत नाही. आजरा-चंदगडच्या जंगलकडेला पालापाचोळ्यात काम करणाऱ्यांनी गोचिडांकडे लक्ष द्यावं. शेजारच्या सिंधुदुर्गात 2016 पासून गोचिडांतून पसरणाऱ्या माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. पँट मोज्यांत खोचा, पाचोळ्यावर बसू नका, घरी आल्यावर अंग तपासा.

प्रबंध सादर झाल्यावर कुप्या विभागाच्या कपाटात बेवारस पडतात आणि वर्षभरात सुकतात. प्रत्येक जातीच्या एक-दोन प्रौढ नर-माद्या अनुक्रमांकासह संग्रहालयात जमा करा आणि जमा झाल्याचे क्रमांक प्रबंधाच्या यादीत जातीसमोर छापा. उरलेल्या कुप्या तोंडाला कापसाचा बोळा लावून, अल्कोहोल भरलेल्या मोठ्या बरणीत उलट्या ठेवा. बरणीतली पातळी दर सहा महिन्यांनी कोण बघणार, त्याचं नाव बरणीवरच लिहून ठेवा.